नैनपूरच्या नळाचं पाणी

मी जळकुकडी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मास्तरणीने लपवलं. तीस वर्षं गावच्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहिले. ‘कोणाचा हेवा करू नये’ हा तर महिन्यातून एकदा ठरलेला. पोरं खाली माना घालून पाटीवर उतरवून घ्यायची आणि माझं लक्ष खिडकीबाहेर, की माझी मैत्रीण तलावाच्या पाळीवर उभी राहून कोणाशी एवढं हसून बोलते आहे.

त्या मैत्रिणीचीच ही गोष्ट. साकोलीपासून दोन कोसांवर आमचं गाव. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात, आठ दिवसांच्या अंतराने या गावात नवऱ्या होऊन आलो. मी भंडाऱ्याची, मॅट्रिक पास. धानाचं झाड असतं की वेल असतो इथपासून माझी तयारी. पहिल्याच पावसाळ्यात सासूने रोवणीला चिखलात उभं केलं. शंभर बायांच्या पुढे माझी ओळ वाकडीतिकडी, मध्ये मध्ये रिकामी. ही माझ्या शेजारी वाकलेली. आपल्या हातातली रोपं ही माझ्या रिकाम्या जागी खोचत गेली, संध्याकाळपर्यंत. बांधावरून सासू म्हणाली, “शहरातली असून हात बरा हाये.” त्या दिवशी मी मनात ठरवलं की ही बाई माझी. माझी एकटीची.

अडचण एवढीच की ती सगळ्यांचीच होती. कोणाच्या घरी पापड असोत की बाळंतपण, पहिली हाक हिला. आणि ही जायची. मी आपली घरात बसून धुमसत राहायची.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. दोन बायांचं जिवाभावाचं जमलं की ते नुसतं तोंडी ठेवत नाहीत. गंगेचं पाणी आणतात आणि मोठ्या माणसासमोर एकमेकींच्या ओंजळीत घालून पितात. याला गंगाजल बदणं म्हणतात. त्या दिवसापासून नाव घ्यायचं नाही, ‘गंगाजल’ हीच हाक. तिची लेकरं ती आपली लेकरं, तिच्या घरचं सुतक आपल्याला. गंगाजलशी खोटं बोलायचं नाही, भांडायचं तर नाहीच नाही. आणि आमच्या गावाचा कडक नियम असा की एका बाईची गंगाजल एकच, जन्मभरासाठी.

एका माघात गावचे नऊ जण प्रयागला स्नानाला निघाले. त्यात आम्ही दोघी होतो. निघायच्या आदल्या दिवशी विहिरीवर मी तिला विचारलं, “तिथून पाणी आणलं की आपण दोघी बदू?”

ती घागर डोक्यावर घेत म्हणाली, “पाहू.”

पाहू. हो नाही, नाही नाही, नुसतं पाहू. या एका शब्दाने प्रयागला जाऊन यायचे सगळे दिवस माझं जेवण गोड लागलं नाही.

आमचे पुढारी होते माझे चुलत सासरे. सगळं गाव त्यांना मामाजी म्हणायचं. ते पूर्वी एकदा जबलपूरपर्यंत जाऊन आले होते, त्यामुळे हिंदुस्थानचा नकाशा त्यांच्या टोपीत आहे असा सगळ्यांचा समज. नकाशा नव्हता, पण नऊ जणांची तिकिटं मात्र टोपीतच होती. सौंदडहून गोंदियापर्यंत छोटी लाईन, गोंदियाहून जबलपूरपर्यंतही छोटी लाईन. आता ती राहिली नाही, सगळीकडे मोठे रूळ आले. पण तेव्हा ती गाडी अशी चालायची की पुढच्या डब्यातला माणूस खाली उतरून बोरं तोडायचा, खिसे भरायचा आणि मागच्या डब्यात चढायचा. चढावर तर बायाबापड्या खाली उतरून चालत. तेवढेच पाय मोकळे.

गोंदियाला गर्दी पाहून मामाजींनी हुकूम सोडला, “सगळ्या बायांनी पदराले पदर बांधा. हरवली त मी शोधणार नाही.” मी धावत जाऊन हिच्या पदराला माझा पदर बांधला, गाठीवर गाठ मारून. बालाघाट जवळ येईपर्यंत मी अशी बसले होते की जणू बदणं होऊनच गेलं. एवढ्यात एक म्हातारी चढली आणि हिने तिला खिडकीची जागा दिली. ती जागा हिने मला देऊ केली होती आणि मी ‘नको, तूच बस’ म्हटलं होतं. मी नको म्हटलं म्हणून काय कोणालाही द्यायची? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी गाठ सोडली आणि दुसऱ्या टोकाच्या बाकावर जाऊन बसले, तिच्याकडे पाठ करून. ती बोलवायला येईल म्हणून वाट पाहत होते.

ती आली नाही. बालाघाटला लोंढा चढला. माझ्या रिकाम्या जागेवर एक बाई बसली, हिरवं लुगडं, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू. गाडी सुटल्यावर मामाजी बाया मोजायला निघाले. डब्यात अंधुक उजेड, मामाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू. हिचा पदर सुटलेला पाहून ते पुटपुटले आणि शेजारच्या बाईच्या पदराशी त्यांनी तो पक्का बांधून टाकला. ती बाई तेव्हा पेंगत होती. मोजणी बरोबर भरली. मला त्यांनी आणखी कोणाची तरी बायको समजून सोडून दिलं.

नैनपूरला ती बाई खाली उतरायला उठली आणि माझी मैत्रीण तिच्यामागे ओढली गेली. ती दारात, ही बाकावर पालथी, मध्ये ताणलेले दोन पदर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग ती बाई म्हणाली, “अरी बहन, फेरे कब हुए हमारे?”

आणि माझी मैत्रीण हसली. डोळे मिटून, मांडीवर थाप मारून, श्वास कोंडेपर्यंत हसली. तीन वर्षं मी तिच्याबरोबर होते. माझ्या कुठल्याही बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. माझ्या बोलण्यावर ती मान हलवायची. फार तर ‘काय वं तू’ म्हणायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाठ मीच सोडली होती, म्हणजे दोष द्यायलाही कोणी नव्हतं.

ती बाई बालाघाटचीच, भावाबरोबर प्रयागलाच निघालेली. झालं, पुढचा सगळा प्रवास ती आमच्यातच. भाऊ बिचारा वरच्या फळीवर झोपून राहायचा.

नैनपूरला इंजिन पाणी घ्यायला बराच वेळ थांबायचं, म्हणून लोक फलाटाच्या टोकाला तीन दगड मांडून स्वयंपाक करत. आमचाही भात चढला. घरचा चिन्नोर तांदूळ, त्याचा वास गार्डाच्या डब्यापर्यंत गेला असेल. भाताला दम येतच होता आणि गाडीने शिट्टी दिली. मामाजींनी खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून उकळतं गंज, म्हणजे भाताचं पातेलं, डोक्यावर घेतलं आणि गाडीमागे पळाले. ती बाई दारात अर्धी बाहेर लोंबकळली, माझ्या मैत्रिणीने तिला कमरेला धरलं, आणि दोघींनी मिळून गंज आत ओढलं. डब्यात जयजयकार झाला. मी शेवटच्या डब्यात कशीबशी चढले, हातात भाताचं झाकण घेऊन. पुढच्या ठेसनावर मी आमच्या डब्यात आले तोवर भात संपला होता. परवा फोनवर मी मैत्रिणीला याची आठवण करून दिली तर म्हणते, “तुह्यासाठी ठेवला होता, तूच नाही म्हटलं.” असेल. रुसलेलं माणूस नाहीच म्हणतं.

जबलपूरला मोठी गाडी मिळाली. आणि मामाजींनी ती चूक केली, जी छोट्या लाईनवर जन्म गेलेला माणूसच करू शकतो. सकाळी गाडी सिग्नलला थांबली. बाजूला कडुनिंब. मामाजी सवयीने खाली उतरले, नऊ जणांसाठी नऊ दातवणं तोडायला. सहाव्या दातवणाला गाडी हलली. मामाजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या हिशेबाने अजून तीन दातवणांचा वेळ होता. ही गाडी बोरं तोडू देणारी नव्हती. आम्ही खिडकीतून ओरडत राहिलो, ते दातवण हलवून ‘येतो, येतो’ म्हणत राहिले, आणि बघता बघता दातवणाएवढेच लहान झाले. टोपीसकट. टोपीत तिकिटं.

पंधरा मिनिटांत टीसी आला. आमच्या बाया पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. माझी मैत्रीण माझ्याकडे वळून म्हणाली, “बोल ना वं, तू शिकलेली हायेस.” हीच माझी वेळ होती. मॅट्रिकला मला हिंदीत पहिल्या वर्गाचे गुण होते. मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि आतून एक अक्षर बाहेर येईना. टीसीचा काळा कोट पाहून जीभ टाळूला चिकटली.

ती बालाघाटवाली पुढे झाली. म्हणाली, “साहब, टिकट मामाजी की टोपी में है, टोपी मामाजी के सिर पे है, और मामाजी नीम के पेड़ पे हैं.” टीसी आधी खवळला, मग ऐकत गेला, शेवटी हसला. त्याने आम्हाला कटनीला उतरवलं आणि म्हणाला, माणूस येईपर्यंत इथेच बसा. तिचं स्वतःचं तिकीट कनवटीला होतं, भाऊ पुढे चला म्हणत होता. ती आमच्याबरोबर उतरली. चार तासांनी एक मालगाडी आली, तिच्या गार्डाच्या डब्यात स्टुलावर मामाजी बसलेले, मांडीवर दातवणांची जुडी. आधी त्यांनी प्रत्येकाला एक एक दातवण वाटलं, मग तिकिटं काढली. नऊ भरली नाहीत म्हणून मला अर्धंच मिळालं.

त्या दिवसापासून माझी मैत्रीण तिच्या शेजारीच बसायला लागली. जेवताना तिच्या पानातलं लोणचं हिच्या पानात. संगमावर थंडीने दात वाजत होते, तिथेही डुबकी मारताना दोघींनी एकमेकींचा हात धरला. मी तीन हात लांब, एकटी डुबकी मारली आणि गंगामाईला सांगितलं, हिला उचलून बालाघाटला टाक. तीर्थाच्या ठिकाणी माणसं काय काय मागतात, मी हे मागितलं.

आम्ही दोघींनी पाणी भरून घेतलं. दोघींचे लोटे भंडाऱ्याच्या पितळेचे, फिरकीच्या झाकणाचे, लग्नातले. हिच्या लोट्याला बुडाशी एक पोचा होता, पहिल्या दिवाळीला तलावावर घासताना दगडावर पडून गेलेला. तो पोचा मी डोळे मिटून ओळखला असता.

परतीच्या वाटेवर छोटी लाईन पुन्हा लागली. दुपारी मी डोळे मिटून पडले होते. झोप कसली, कान उघडे होते. ती बालाघाटवाली हिला म्हणाली, “बहन, मेरा स्टेशन आएगा तो उतरने से पहले गंगाजल बद लें? तेरे पास भी पानी है, मेरे पास भी.”

माझी मैत्रीण म्हणाली, “पाहू.”

म्हणजे मला जो शब्द दिला तोच तिला. एका बाईची गंगाजल एकच. बालाघाटला या दोघींनी पाणी प्यायलं की मी जन्मभर नुसती शेजारीण.

नैनपूर आलं. पुन्हा तोच लांब थांबा. पुरुष सगळे खाली, बाया जेवून आडव्या झालेल्या. माझी मैत्रीण तोंडावर पदर घेऊन झोपली होती. तिच्या उशाशी तो पोचा गेलेला लोटा. मी तो उचलला, पदराखाली घेतला आणि खाली उतरले.

माझा विचार असा होता की बदायचंच असेल तर बदा, पण पाणी गंगेचं नसेल तर बदणं लागू होणार नाही. मग घरी जाऊन माझ्या लोट्यातलं खरं पाणी आहेच. मॅट्रिक पास बाईचं डोकं ते, कुठे चालेल सांगता येत नाही. पण गंगेचं पाणी रुळावर ओतायचा धीर होईना. फलाटाच्या मागे पिंपळ होता. त्याच्या मुळाशी सगळा लोटा रिकामा केला आणि हात जोडून म्हटलं, माफ कर, दुसरा इलाज नाही. मग नळाखाली लोटा धरला. नळाचं पाणी आधी लाल आलं, मग जरा निवळलं. झाकण घट्ट फिरवून लोटा होता तिथे ठेवला आणि डोळे मिटून पडले. छाती अशी धडधडत होती की मला वाटलं इंजिनवाल्याला ऐकू जाईल.

बालाघाट आलं. ती बाई फलाटावर उतरली, पोतडीतून आपली बाटली काढली आणि माझ्या मैत्रिणीकडे पाहत उभी राहिली. ही दारात आली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाली, “नाही बाई. माही गंगाजल घरची हाये.” आणि माझ्याकडे बोट केलं.

मी काय करावं? आनंदाने नाचावं की डब्याखाली जाऊन पडावं? ती बालाघाटवाली हसली आणि प्रयागहून आणलेला नारळ खिडकीतून माझ्या हातात दिला. “बहनजी, संभालना इसको.” तिने थोडा तरी राग करायला हवा होता. तेवढंच माझं पाप हलकं झालं असतं. पण चांगली होती मेली. ती चांगली होती याचाही मला अजून राग येतो.

करायला गेले एक आणि झालं दुसरंच. तिसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर, मामाजींच्या समोर आमचं बदणं झालं. माझ्या लोट्यातलं गंगेचं पाणी मी तिच्या ओंजळीत घातलं, तिने डोळे मिटून प्यायलं. मग तिने आपल्या लोट्याचं झाकण फिरवलं. आता सांगितलं तर सगळं जातं, नाही सांगितलं तर पहिल्याच क्षणी खोटं. तिने माझ्या ओंजळीत पाणी घातलं. लोखंडाची चव होती. मी प्यायले. बाया म्हणाल्या, पाहा, शिकलेली असून डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतर पन्नास वर्षं होत आली. तिने एकदाही माझं नाव घेतलं नाही, एकदाही माझ्याशी आवाज चढवला नाही, एकदाही खोटं बोलली नाही. तिने खरं पाणी प्यायलं होतं ना. मी मात्र नळाची. तिच्या सुनेशी तिचं जमलं म्हणून जळले, तिच्या विहिणीने तिला चांदीचे जोडवे दिले म्हणून जळले. ती मुलाकडे जवाहरनगरला राहायला गेली, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, तेव्हा तर मी महिनाभर नीट जेवले नाही. तिथे शेजारच्या क्वार्टरमध्ये कुठल्या तरी लांबच्या मुलखातली एक बाई राहते. दोघी सकाळी फिरायला जातात. फोनवर हिच्या तोंडी सारखं तिचं नाव. तिचं नाव घेते, कारण ती गंगाजल नाही, असं मी स्वतःला समजावत असे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

या हिवाळ्यात तिच्या मुलाचा फोन आला. हिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, नागपूरला, दोन दिवसांनी. “माय म्हणते, मावशीले बोलाव.” मी साकोलीहून एसटी धरली, फाट्यावर उतरले, ऑटोने क्वार्टरवर पोचले. पाहते तर ती शेजारीण पलंगावर बसून हिला संत्रं सोलून देते आहे. एक एक फोड, वरची साल काढून. मी येऊन उभी राहिले तशी ती उठून गेली. शहाणी होती.

हिने सुनेला देवाजवळचं काहीतरी आणायला सांगितलं. सुनेने आणून माझ्या मांडीवर ठेवलं. पितळेचा लोटा, बुडाशी पोचा. झाकणाच्या कडेला पन्नास वर्षांचा हिरवा गंज. हलवला तर आत पाणी.

सून स्वयंपाकघरात गेल्यावर ती म्हणाली, “हे तुह्याजवळ ठेव. तिकडं काही कमीजास्त झालं त माह्या तोंडात तुनंच घालायचं. पोराले सांगून ठेवलं हाये. दुसऱ्या कोणाच्या हातानं नोको.”

आता बोला. बाई मरणाच्या दारात गंगेचं पाणी मागते आणि मी तिला नैनपूरचा नळ पाजू? माझं पाप माझ्यापाशी राहिलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं, एवढी मी स्वतःला ओळखते. पण हे तिच्या शेवटच्या घोटावर येत होतं. माझ्या घरचा लोटा तर कधीच संपला होता, तीन लेकरांच्या बारशात आणि दोन सुतकांत.

“यात नळाचं पाणी हाये,” मी म्हणाले.

मी मग थांबलेच नाही. गाठ सोडल्यापासून सगळं सांगितलं. पिंपळ, लाल पाणी, माझा मॅट्रिक पास विचार. सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही, लोट्याच्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिले. सांगून झालं. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

ती म्हणाली, “नळालेबी हात जोडले होते तुनं.”

“काय?”

“आधी पिंपळाले जोडले, मंग नळाले. मी खिडकीतून, पदराआडून पाहून राहिली होती. हसू दाबता दाबता माहा जीव जाऊन राहिला होता.”

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. नळाला कोणी हात जोडतं का? पण मी जोडले असतील. ती खोटं बोलत नाही.

“मंग पन्नास वर्षं बोलली काहून नाही?”

“गंगाजलले लाज वाटंल असं बोलू नये म्हणतेत.”

“अन् देवाजवळ कायले ठेवलं हे? फेकून द्यायचं होतं.”

“फेकीन कशी? गंगेचं पाणी कोणीबी आणून देते वं. माह्यासाठी एवढं मोठं पाप कोणी केलं होतं? मायनं नाही, नवऱ्यानं नाही. मले शेवटी हेच पायजे.”

माझे डोळे भरून आले. पन्नास वर्षांचा दगड छातीवरून उतरला. दुसरी कोणी शहाणी बाई असती तर इथे तिचा हात हातात घेऊन गप्प बसली असती. मी घेतलाही होता. पण ही खोटं न बोलणारी, हिला सगळंच सांगायचं असतं.

“खरं सांगू का,” ती म्हणाली, “नैनपूरपर्यंत मी तिलेच हो म्हणणार होती.”

मी तिचा हात सोडला.

“तिले?”

“हो. तुले पाहिलं, मंग मन बदललं.”

“तिले? चार दिवसांची वळख, बालाघाटची, अन् तिले हो म्हणणार होतीस? रोवणी कोणासंग केली? तीन वर्षं घागरी कोणासंग भरल्या? मी विचारलं त पाहू म्हणते, अन् तिले...”

“गंगाजल भांडत नसते वं,” ती म्हणाली.

“मी त नळाचं पाणी पेली,” मी म्हणाले. “मले चालते.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. आणि मग ती हसली. डोळे मिटून, मांडीवर थाप मारून, श्वास कोंडेपर्यंत. सून हातातलं उलथणं तसंच घेऊन धावत आली, “आत्याबाई, डॉक्टरनं काय सांगितलं तुमाले?” तरी ती थांबेना. शेजारच्या बाईनेही आवाज ऐकून दारातून डोकावलं. “क्या हुआ? हमको भी बताओ ना.”

“कुछ नहीं,” मी म्हणाले, या वेळी अजिबात न अडखळता. “हमारे गाव का है.” आणि उठून दार लोटून घेतलं.